टीप क्रमांक सात

पाळणाघराच्या दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर, एक तपकिरी रेघ आहे. तिची वरची कड स्पष्ट आहे, खालची विरत गेलेली. रुंदी साधारण सात मिलिमीटर. नखाने खरवडलं तर थोडी कोरडी माती निघते, पण डाग लाकडात मुरलेला आहे. तिच्या खाली तेहतीस सेंटिमीटरवर तशीच दुसरी रेघ, जुनी आणि फिकट. या दोन रेघांच्या आसपास पेन्सिलीच्या पुष्कळ आडव्या खुणा आहेत. पाळणाघर चालवणाऱ्या मावशी दर वाढदिवसाला मुलाला त्या चौकटीला टेकवून उभं करतात, डोक्यावर पट्टी धरतात आणि खूण करतात. प्रत्येक खुणेशेजारी मुलाचं घरचं नाव लिहिलेलं असतं. तपकिरी रेघांशेजारीही त्यांनी लिहिलं आहे: पाणोबा.

"खालची रेघ सहा वर्षांपूर्वीच्या पुराची, वरची दोन वर्षांपूर्वीच्या," मावशींनी मला पहिल्या भेटीत सांगितलं. "बाकीच्या पोरांसारखाच वाढतोय. फक्त हा शाळेत जायचं नाव घेत नाही."

मी दोन्ही मापं वहीत उतरवून घेतली. त्यांच्या बोलण्यावर हसायला हवं होतं हे मला बाहेर पडल्यावर लक्षात आलं.

हे पाळणाघर म्हणजे नदीच्या खालच्या काठावरची एक पत्र्याची शेड. पूर्वी तिथे वाळूचा धक्का होता. तो बंद झाला आणि ती पट्टी सगळ्यांनीच टाकून दिली. फुटके पाइप, गाड्यांचे टायर, कुणाच्या तरी घराच्या पाडलेल्या भिंती, सगळं तिथे येऊन पडतं. त्यातच मावशींनी चौदा वर्षांपूर्वी शेड घेतली आणि आजूबाजूच्या बायकांची मुलं सांभाळायला सुरुवात केली. आज त्यांच्याकडे एकतीस मुलं आहेत. मुलांच्या आया कपड्यांच्या कारखान्यात, इस्पितळाच्या साफसफाईत, लोकांच्या घरी कामाला जातात. सकाळी सातला मूल सोडतात, संध्याकाळी सहाला नेतात.

नगरपालिकेने या पट्टीवर एक समाजकेंद्र उभारायचं ठरवलं आणि ते काम आमच्या ऑफिसला मिळालं. आमचं ऑफिस म्हणजे माझ्या नणंदेचं. ती आर्किटेक्ट आहे, माझ्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. ऑफिसात मी तिला मॅडम म्हणते, घरी वन्सं. कधीकधी दुपारी तीनच्या सुमारास माझी गडबड होते आणि बाहेरच्या माणसासमोर तोंडातून वन्सं निघून जातं. मी आधी भौतिकशास्त्र शिकले, मग स्ट्रक्चरल इंजिनियरिंग. इमारत उभी राहील की नाही, हे बघणं माझं काम. ती कुठे उभी राहील, हे ठरवणं वन्संचं. पुढे चौदा महिने जे झालं ते सगळं या कामाच्या वाटणीतून झालं.

कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पोलादी सांगाड्याचे डबे कारखान्यात तयार करायचे, तीन मीटर बाय सहा मीटर. भिंती, खिडक्या, वायरिंग, सगळं आत बसवून ट्रकवर घालून आणायचे आणि जागेवर एकमेकांना बोल्टने जोडायचे. जागेवर वेल्डिंग नाही, काँक्रीट नाही. पायासुद्धा पोलादाचाच, मोठ्या स्क्रूसारखा जमिनीत फिरवत घालायचा. पोलाद जुन्या पाडलेल्या शेडचं, वितळवून परत केलेलं. छपरावर माती आणि गवत, म्हणजे आत गारवा राहील. आणि उद्या नदीने रस्ता बदलला किंवा गावाचं मन बदललं, तर बोल्ट काढायचे आणि इमारत उचलून दुसरीकडे न्यायची. मी हिशेब केला होता. दोन हजार तीनशे चार बोल्ट, आठ माणसं, नऊ दिवस. एकूण नऊ डबे: चार पाळणाघराला, दोन दवाखान्याला, दोन अभ्यासिकेला, एक स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मिळून.

या कामासाठी नगरपालिकेने नेमलेल्या समितीच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांनी गवताच्या छपराला टाळ्या वाजवल्या.

आता नकाशाबद्दल सांगायला हवं. नगरपालिकेने आम्हाला जागेचा जो नकाशा दिला त्यात नदीकडे उतरत जाणारी खालची पट्टी कोरी होती आणि वरच्या अंगाला, रस्त्याला लागून, एक मोठा आयत तिरप्या रेघांनी भरलेला होता. नकाशाच्या कोपऱ्यातल्या सूचीप्रमाणे तिरप्या रेघा म्हणजे कायम बांधकाम. मी जागा बघायला गेले तेव्हा त्या आयतात बावीस गाड्या उभ्या होत्या. बांधकाम काहीच नव्हतं. फरशा घातलेलं सपाट मैदान, खालच्या पट्टीपेक्षा दोन मीटर दहा सेंटिमीटर उंच, आणि एका कडेला नगरपालिकेच्या विभागीय कार्यालयाची इमारत.

मी चौकशी केली. हा नकाशा काढणारे ड्राफ्ट्समन निवृत्त झाले होते. त्यांचा नंबर मिळवून मी फोन केला. त्यांना नकाशा नीट आठवत होता. ते म्हणाले, फरशीसाठी सूचीत वेगळी खूण नव्हती, म्हणून त्यातल्या त्यात जवळची वापरली. पुढे अकरा वर्षं प्रत्येकाने त्यांच्या नकाशावरून नकाशा काढला आणि प्रत्येक नकाशात ती फरशी कायम बांधकाम म्हणून पक्की होत गेली. त्याचं फार वाईट वाटल्यासारखं ते बोलले नाहीत. उलट, अजून माझा नकाशा चालतोय का, असं विचारलं.

मी आमच्या पहिल्या आराखड्यावर, डाव्या खालच्या कोपऱ्यात, टीप क्रमांक सात लिहिली: "तिरप्या रेघांनी दाखवलेले क्षेत्र प्रत्यक्षात मोकळे व फरसबंद असून सध्या वाहने उभी करण्यासाठी वापरात आहे. त्याची पातळी पूररेषेच्या वर आहे." याहून स्पष्ट काय लिहायचं असतं, मला कळत नाही.

बैठका विभागीय कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर होत. समितीचे सदस्य यायचे, त्या आयतात गाडी लावायचे, जिना चढून वर यायचे, खुर्चीत बसायचे आणि आपण आत्ताच जिथून चालत आलो तिथे कायम बांधकाम आहे असं दाखवणारा नकाशा गंभीरपणे बघायचे. खिडकीतून गाड्या दिसत. मी दर वेळी खिडकीसमोरची खुर्ची धरत असे, कुणाचं तरी लक्ष माझ्या पाठीमागे जाईल म्हणून. कुणाचं गेलं नाही.

पहिल्या आराखड्यात जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरवर तळ होता. तिसऱ्या बैठकीत उपअभियंत्यांनी पुराचे नवे आकडे आणले आणि तळ दीड मीटरवर गेला. त्यांचे आकडे बरोबर होते, मी तपासले. पाचव्या बैठकीत त्यात सुरक्षेचे साठ सेंटिमीटर घातले गेले आणि तळ दोन मीटर दहावर जाऊन थांबला. तेही बरोबर. पण तळ वर गेला की उतार लांबतो. चाकाच्या खुर्चीला किंवा बाबागाडीला एक मीटर चढायला बारा मीटर उतार लागतो, आणि मध्ये थांबायला सपाट जागा. दोन मीटर दहाला मिळून अठ्ठावीस मीटर वीस सेंटिमीटर. नदीपासून सोडायचं अंतर आणि ते कायम बांधकाम यांच्यामध्ये आमच्या हातात जेवढी पट्टी होती, तिच्यात उतार घालायचा तर डबे कमी करावे लागत. दवाखाना कमी करता येईना, त्याचे नियम कडक. अभ्यासिकेच्या बाजूने एक नगरसेवक होते. पाळणाघराच्या बाजूने मावशी होत्या आणि त्यांना बैठकीला कुणी बोलावत नव्हतं.

चौथ्या आराखड्यात पाळणाघराचे चाराचे तीन डबे झाले. सहाव्यात दोन. कुणी म्हणालं दुमजली करा; मी सांगितलं, तान्ही मुलं वरच्या मजल्यावर ठेवता येत नाहीत. कुणी म्हणालं लिफ्ट बसवा. मी सांगितलं, लिफ्टचा खड्डा पुरात भरेल. प्रत्येक वेळी वन्सं माझ्याकडे कौतुकाने बघायच्या आणि समितीला म्हणायच्या, "बघू, काहीतरी मार्ग काढू."

मार्ग म्हणजे पुढचा आराखडा.

नवव्या बैठकीत उपअभियंत्यांच्या लक्षात आलं की इमारत एवढी उचललीच आहे तर तिच्याखाली मोकळी जागा राहते. तिथे आणखी सहा गाड्या लावता येतील. पुरात त्या काढून घेता येतील, असं त्यांनी स्वतःच पुढे जोडलं. गाड्या आत जायला वाट लागणार म्हणून उतार दुसऱ्या बाजूला न्यावा लागला आणि त्यात एक डबा गेला.

त्या दिवशी परत येताना मी वन्संना विचारलं, हे ऐकून तुम्हाला काही वाटलं नाही का? त्यांनी गाडीचा आरसा नीट केला आणि म्हणाल्या, आपण त्याला हो कुठे म्हटलंय. नाही तरी कुठे म्हटलंय, असं मला म्हणायचं होतं. पण त्या गाडी चालवत होत्या आणि समोर वळण होतं. मी दहाव्या आराखड्यावर टीप क्रमांक सात ठळक अक्षरात घातली.

अकरावा आराखडा तयार झाला तेव्हा पाळणाघराच्या वाट्याला एक डबा उरला होता. शिवाय दुपारपर्यंत अभ्यासिकेचा एक डबा वापरायची परवानगी. तो कागद घेऊन मी मावशींकडे गेले. मी त्यांना सांगितलं, अठरा चौरस मीटर. कपाटं आणि बेसिन वजा जाता चौदा पूर्णांक सहा. त्यांनी आत नजर टाकली. मुलं सतरंजीवर झोपली होती, आडवीतिडवी, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर.

"म्हणजे एकेकाला किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, शून्य पूर्णांक सत्तेचाळीस. उघडलेल्या वर्तमानपत्राएवढं.

"दुपारनंतर अभ्यासवाल्यांसाठी उठवायचं यांना?"

मी हो म्हणाले.

मावशी आरडाओरडा करणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी मला दाराच्या आतल्या बाजूला लावलेली नोटीस दाखवली. शेड धोकादायक ठरवली होती. नदी फुगायच्या आत, म्हणजे अजून अकरा आठवड्यांत, रिकामी करायची. मग त्या म्हणाल्या, "एका खोलीत मी एकतीस पोरं घेणार नाही. एखादं गुदमरलं तर आईला कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा बंद करते. तुमच्या मॅडमना सांगा, चार खोल्या म्हणाल्या होत्या, म्हणून मी पहिल्या दिवशी संमतीच्या फॉर्मवर सही केली. आता एक देत असाल तर ती दुसऱ्या कुणाला द्या."

कारखान्याने आम्हाला डबे बनवायला सात आठवडे मागितले होते. उभारायला नऊ दिवस. म्हणजे पुढच्या बैठकीत ठरलं तर पाळणाघर वाचत होतं. तिथे नुसतं बघू म्हटलं गेलं, तर नव्हतं. हे गणित सोपं होतं आणि मी ते परतताना बसमध्ये तिकिटाच्या पाठीवर तीनदा केलं.

त्या रविवारी आम्ही सासूबाईंकडे होतो. सासूबाई मटार सोलत होत्या. वन्सं अजून यायच्या होत्या. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो आणि कुठल्याही गोष्टीची आधी पायरी विचारतो.

"ताईला सांगितलंस?"

"टीप आहे. प्रत्येक आराखड्यावर आहे."

"लिहिलंस ते कळलं. तोंडाने किती वेळा सांगितलंस?"

मी मोजलं. मोजायला वेळ लागला नाही.

"अगं, तुझी टीप कोण वाचणार?" तो म्हणाला. "मुलं माझा पेपर वाचत नाहीत, तिथे ही मोठी माणसं."

सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या की तिला सांगूनही उपयोग नाही. लहानपणी दोन फ्रॉकमधला एक निवडायला सांगितला तर दुकान बंद होईपर्यंत दोन्ही हातात धरून उभी राहायची. लग्नाच्या वेळी तीन वर्षं बघू बघू केलं, शेवटी मुलाकडचेच थकले आणि हो म्हणून गेले. "बरा निघाला बिचारा," त्या म्हणाल्या. "पण ते काही तिने ठरवलेलं नाही."

तेवढ्यात वन्सं आल्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं, पण ते त्यांना नवं नसावं. त्यांनी स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा आपल्याकडे घेतल्या. मी म्हणाले, वन्सं, टीप क्रमांक सात. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा चढा निघाला आणि नवऱ्याने वर बघितलं.

"वाचली आहे," वन्सं म्हणाल्या.

"कधी?"

"अकराही वेळा. तुझ्या टिपा वाचणारी मी एकटीच असेन. दहाव्या आराखड्यात तू ठळक केलीस, तेव्हा मला वाटलं आता ही ओरडतेय."

इतके दिवस मला वाटत होतं की कुणी वाचलेलीच नाही. त्यापेक्षा हे वाईट होतं. मी विचारलं, मग? मटाराचा एक दाणा निसटून टेबलाखाली गेला, तो वाकून उचलला. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या नुकत्या शिकून बाहेर पडल्या तेव्हा त्यांना कुणी काम देत नव्हतं. एका कनिष्ठ अभियंत्याने वरिष्ठांशी भांडून त्यांना बसथांब्याच्या निवाऱ्याचं काम दिलं. चार खांब आणि एक छप्पर. ते छप्पर अजून आहे. तो कनिष्ठ अभियंता म्हणजे आजचे मोठे साहेब, समितीचे अध्यक्ष. आणि त्या आयतातली पहिली जागा, झाडाखालची, त्यांच्या गाडीची.

"तेव्हा ते सायकलवर यायचे," वन्सं म्हणाल्या. "त्या माणसाला मी सांगू, साहेब, गाडी काढा?"

मी म्हणाले, मावशींनी काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलंय. अकरा आठवडे सांगितलेत.

"हो गं," त्या म्हणाल्या. "बघू."

मग जेवायला बसलो, आणि मी त्या घरात पहिल्यांदाच जेवता जेवता उठले. सासूबाईंनी विचारलं काय झालं. काही नाही म्हणाले, आणि हात धुऊन गॅलरीत जाऊन उभी राहिले. रागावताना नेमकं काय बोलायचं, हे मला कधीच वेळेवर सुचत नाही. सुचलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि ते बोलणं नव्हतं.

मी समितीला पत्र लिहिलं की अकराव्या आराखड्याची प्रत्यक्ष जागेवर आखणी करून दाखवायची आहे, तेव्हा बैठक खालच्या पट्टीवर घ्यावी. पत्रावर वन्संची सही लागत होती. त्यांनी पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. त्या सहीचा अर्थ मी त्यांना विचारला नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी ऑफिसातल्या दोघांना घेऊन गेले. आम्ही राडारोडा बाजूला केला, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि चुन्याच्या फक्कीने आराखडा जमिनीवर खऱ्या मापात आखला. दवाखाना, अभ्यासिका, पाळणाघराचा एक डबा आणि अठ्ठावीस मीटर वीसचा उतार. कागदावर उतार बारा सेंटिमीटरचा होता. जमिनीवर तो संपेचना. आखणाऱ्याला मध्येच फक्कीचं दुसरं पोतं आणायला जावं लागलं.

अकरा वाजता समिती आली. वर गाड्या लावल्या, मग जिन्यासारख्या फुटक्या पायऱ्यांवरून बूट सांभाळत खाली उतरली. मोठे साहेब उंच, किंचित वाकलेले, हातात टोपी. उपअभियंत्यांच्या काखेत अकराव्या आराखड्याची गुंडाळी. वन्सं माझ्यापासून चार पावलांवर उभ्या राहिल्या, दोन्ही हात पर्सवर.

मी काही समजावून सांगितलं नाही. मी मावशींना हाक मारली.

मावशींकडे एक लांब हातगाडी आहे, तिच्यात सहा तान्ही मुलं एकदम बसतात. ती घेऊन त्या उताराच्या खालच्या टोकाला आल्या आणि फक्कीच्या रेघांमधून चालू लागल्या. पहिला टप्पा, सपाट, वळण. दुसरा टप्पा, सपाट, वळण. गाडी वळताना प्रत्येक वळणावर अडकली. जमीन सपाट होती, अजून चढ नव्हता, तरी पोहोचायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागली. मी घड्याळ लावलं होतं. एक नगरसेवक म्हणाले, बाईंनी जरा भराभर चालायला हवं. मावशींनी वळून बघितलं.

"रोज पाच खेपा आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "सकाळच्या खेपा तुम्ही करा, संध्याकाळच्या मी भराभर करते."

मग त्यांनी गाडीतली सहा मुलं पाळणाघराच्या आयतात उतरवली आणि शेडमधून बाकीची आणली. एकमेकांच्या सदऱ्याला धरून ती ओळीने आली आणि त्याच आयतात शिरली. मावशींनी कपाटांच्या आणि बेसिनच्या रेघा दाखवल्या, त्यावर पाय द्यायचा नाही म्हणाल्या. मुलांना हा खेळ वाटला. उभी होती तोवर सगळी मावली. मग मावशी म्हणाल्या, आता झोपायची वेळ झाली, आडवे व्हा.

एकोणीस मुलं आडवी झाली. बाकीची बारा उभी राहिली आणि कुठे आडवं व्हायचं ते शोधू लागली. एका मुलीने चुन्याच्या रेघेबाहेर पाय टाकला, लगेच मागे घेतला आणि मावशींकडे बघितलं. नदीच्या पलीकडून कुठलीतरी मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"अडचण समजली," उपअभियंते म्हणाले. "पण जागाच एवढी आहे. वर कायम बांधकाम आहे." त्यांनी गुंडाळी उलगडली आणि तिरप्या रेघांवर बोट ठेवलं.

मला वाटलं होतं की एवढं बघितल्यावर कुणीतरी वर बघेल. मी पुन्हा खिडकीसमोरची खुर्ची धरून बसल्यासारखं होतं ते. चौदा महिने मी वाट बघत होते की कुणाचं तरी लक्ष जाईल, आणि वन्संना मनात नावं ठेवत होते. तोंडाने किती वेळा सांगितलंस, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा आलेला आकडा मला तिथे आठवला.

मी उपअभियंत्यांच्या हातातला आराखडा घेतला आणि डाव्या खालच्या कोपऱ्यातून मोठ्याने वाचलं. "टीप क्रमांक सात. तिरप्या रेघांनी दाखवलेले क्षेत्र प्रत्यक्षात मोकळे व फरसबंद असून सध्या वाहने उभी करण्यासाठी वापरात आहे. त्याची पातळी पूररेषेच्या वर आहे."

उपअभियंत्यांनी विचारलं, ही टीप कधी घातली? मी म्हणाले, पहिल्या आराखड्यापासून आहे. त्यांनी कागद परत घेतला, चष्मा वर केला आणि टीप स्वतः वाचली. मग सगळेच वर बघू लागले. उंचवट्याच्या कडेवरून गाड्यांच्या टपांची रांग दिसत होती. झाडाखालच्या पहिल्या गाडीशी साहेबांचा ड्रायव्हर काच पुसत होता. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत हे पाहून त्याने फडकं खिशात घातलं.

"तिथे उभारली तर?" मोठ्या साहेबांनी मला विचारलं. आवाजात राग नव्हता. सवयीने हिशेब मागत होते.

मी सांगितलं. तळ फक्त पंधरा सेंटिमीटर उचलावा लागेल. उतार एक मीटर ऐंशीचा. नऊच्या नऊ डबे बसतात, पाळणाघराला चार. पाया कमी खोल. डबे तेच, बोल्ट तेच. ही खालची पट्टी झाडांसाठी सोडता येईल, पाणी आलं तर येऊन जाईल. मी मनातल्या मनात एक वाक्य आणखी रचलं होतं, की नऊ दिवसांत उचलता येणारी इमारत आपण चौदा महिने बावीस गाड्यांमुळे हलवलेली नाही. पण ते आकड्यांत नव्हतं, म्हणून राहिलं.

"आणि गाड्या?" नगरसेवकांनी विचारलं.

मी म्हणाले, गाड्यांना चाकं आहेत.

मावशी हसल्या. आणखी कुणी हसलं नाही. उपअभियंते म्हणाले की हा धोरणाचा विषय आहे, पुढच्या बैठकीत सविस्तर टिपण ठेवता येईल. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि वन्संकडे वळले.

"हिने आकडे सांगितले," ते म्हणाले. "पण इमारत तुमची आहे, मॅडम. आर्किटेक्ट तुम्ही. तुम्हाला काय म्हणायचंय ते मी अजून ऐकलेलं नाही. चौदा महिन्यांत ऐकलेलं नाही."

वन्सं पुढे आल्या. चुन्याच्या रेघेवर त्यांचा पाय पडला आणि बुटाला पांढरं लागलं. त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग वर झाडाकडे. ओठ मिटून पुन्हा उघडले, आणि त्यांच्या गळ्यात तो शब्द तयार होताना मला अगदी स्पष्ट दिसला, कारण मी तो बारा वर्षं ऐकते आहे. मी नजर खाली केली. आयतात उभ्या राहिलेल्या बारा मुलांपैकी दोघं कंटाळून बेसिनच्या रेघेवर बसली होती.

"बघ..." वन्सं म्हणाल्या, आणि थांबल्या. पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "इमारत वर जाईल. तुमच्या गाडीच्या जागेपासून सुरुवात करायची."